घोड्यामागून वरात

मराठीत 'वरातीमागून घोडे' अशी एक म्हण आहे. वरात दारात पोचल्यावर कोणी घोडे सजवून आणले, तर त्याचे कौतुक कोण करणार? या म्हणीत मी एक दुरुस्ती सुचवणार आहे. आपल्याकडे घोडे आधीच एकटे पुढे धावून जातात, जिवाच्या कराराने जिंकून येतात, आणि मग त्यांच्यामागून वाजतगाजत वरात निघते. वरातीत आपण सगळेच असतो. पुढारी असतात, पत्रकार असतात, शाळामास्तर असतात. या घोड्याला इतके दिवस दाणा कोणी घातला, हे विचारण्याची मात्र वरातीत पद्धत नसते.

हे सुचायला निमित्त झाले ते गेल्या जानेवारीतले आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन. प्रमुख पाहुण्यांनी मुलांना एका घोड्याची गोष्ट सांगितली. गोष्ट अमेरिकेतली, मंदीच्या दशकातली. घोड्याचे नाव सीबिस्किट. १९३३ साली जन्मलेला, अंगाने लहान, गुडघ्यांत बेढब, धावण्यापेक्षा खाण्यात आणि झोपण्यात अधिक रमणारा. पहिल्या सतरा शर्यतींत त्याला एकही जिंकता आली नाही. १९३६ साली चार्ल्स हॉवर्ड नावाच्या मोटारविक्रेत्याने त्याला आठ हजार डॉलरला विकत घेतले, टॉम स्मिथ नावाच्या अबोल शिक्षकाने त्याला तयार केले, आणि १ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरच्या पिम्लिको मैदानावर त्याने वॉर अॅडमिरल या खानदानी, अजिंक्य समजल्या जाणाऱ्या घोड्याला चार लांबींनी मागे टाकले. बेकारीने पिचलेला सारा देश त्या दिवशी रेडिओला कान लावून बसला होता. एवढे सांगून पाहुण्यांनी आवाज चढवला. "मुलांनो, परिस्थितीचे रडगाणे गाऊ नका. तो घोडा कधी रडला होता?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. घरी आलो तेव्हा मात्र जेवण गोड लागेना. पाहुणे चुकीचे बोलले असे तेव्हा मला वाटले नव्हते. ते माझेच भाषण बोलले होते. हीच गोष्ट मी पंधरा वर्षे प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगत आलो आहे. फरक एवढाच की मला घोडा अमेरिकेहून आणावा लागत नाही. आम्ही नाशिकचे. आमच्याकडे सावरपाडा आहे.

कविता राऊतची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. हरसूलकडचा डोंगराळ आदिवासी मुलूख, सावरपाडा नावाची लहानशी वस्ती, पाण्यासाठी रोजची पायपीट, आणि त्या पायपिटीतून घडलेली, अनवाणी धावणारी एक मुलगी. विजेंदर सिंग या प्रशिक्षकांनी तिला हेरले आणि नाशिकला घडवले. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत दोन केनियन धावपटूंच्या मागोमाग तिने तिसरा क्रमांक मिळवला. १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंगांनी सुवर्णपदक जिंकले होते. त्यानंतर राष्ट्रकुल स्पर्धेच्या धावपट्टीवर भारताला वैयक्तिक पदक मिळाले ते बावन्न वर्षांनी, आणि भारतीय स्त्रीला मिळालेले ते पहिलेच.

तो दिवस मला लख्ख आठवतो. माझी नोकरी तेव्हा तात्पुरती होती आणि तीन महिन्यांचा पगार थकला होता. दिल्लीहून रोज एक नवी लाजिरवाणी बातमी येत होती. स्पर्धेच्या तोंडावर मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला होता. खर्चाच्या आणि भ्रष्टाचाराच्या कहाण्यांनी वर्तमानपत्रे भरली होती. जगापुढे आपली नाचक्की झाली असे ज्याला त्याला वाटत होते. अशा वेळी चहाच्या टपरीवरल्या लहानशा टीव्हीवर आमच्या जिल्ह्यातली एक सावळी, किडकिडीत मुलगी तिरंगा घेऊन उभी राहिली. टपरीवाल्याने त्या संध्याकाळी कोणाकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मी घरी चालत गेलो ते जवळजवळ धावतच. थकलेला पगार तसाच होता, पण त्याचे ओझे त्या रात्रीपुरते उतरले होते.

म्हणून आधीच सांगतो, ही उभारी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. माणसाच्या मनालाही अन्न लागते, आणि ज्याच्या ताटात काही नाही त्याला ते अधिकच लागते. दुबळ्याने बलवानाला हरवले की जगातल्या प्रत्येक हरलेल्या माणसाची मान थोडी ताठ होते. हे मी स्वतः अनुभवले आहे. माझे भांडण पुढच्या पावलाशी आहे. त्या उभारीचे आपण दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो?

मी काय केले ते सांगतो. चार वर्षांपूर्वी त्र्यंबकच्या पश्चिमेकडल्या एका पाड्यावरची मुलगी आमच्या शाळेत आठवीत होती. वसतिगृहात राहायची, वर्गात फारसे बोलायची नाही, पण धावायला लागली की मैदानावरची इतर मुले उभी राहून पाहत. तालुक्याच्या स्पर्धेसाठी तिचे नाव मी दिले. आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि खाली पाहत म्हणाली, "सर, बुटांचं काय?" मी तिच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या आवाजात, शेजारच्या मुलांनाही ऐकू जाईल असे म्हणालो, "अगं, कविता राऊत काय बूट घालून जन्माला आली होती?" मुले हसली. तीही हसली आणि गेली.

शर्यतीत निम्मे अंतर गेल्यावर तिच्या टाचेत बाटलीची काच शिरली. ती थांबली नाही. रक्ताचे ठसे उमटवीत तिसरी आली. लोकांनी पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा तिच्यासाठी अधिक टाळ्या वाजवल्या. मी तिचे छायाचित्र काढले आणि शाळेच्या फलकावर लावले. खाली सुंदर अक्षरात 'जिद्द' असे लिहिले. जखम चिघळली, पाच आठवडे भरली नाही. दिवाळीच्या सुटीत तिचे आईबाप तिला घेऊन निफाडकडे द्राक्षबागांच्या कामावर गेले, आणि सुटी संपल्यावर ती परत आली नाही. मी चौकशीला गेलो तेव्हा तिची आई माझ्यावर रागावली नाही. तिने फक्त एवढेच सांगितले की, काच काढताना पोर रडली नाही. खरे पळणारे अनवाणीच पळतात असे सरांनी सांगितले आहे, असे म्हणत होती.

त्या वर्षी क्रीडादिनासाठी आम्ही कविताचे चित्र असलेला दहा फुटी फलक छापून घेतला होता. त्याला अकराशे रुपये लागले होते. कॅनव्हासच्या बुटांचा जोड तेव्हा साडेतीनशेला मिळत होता. गणिताचे तास मी घेत नाही, पण एवढा भागाकार मलाही येतो.

वाचकहो, माझा मुद्दा या भागाकारात आहे. दुबळ्याचा विजय ही त्याची स्वतःची कमाई असते. ती कमाई आपण उसनी घेतो, आणि मग तिचाच चाबूक करून दुसऱ्या दुबळ्यांच्या पाठीवर ओढतो. ती अनवाणी धावली, तुला बूट कशाला? तो दिव्याखाली शिकला, तुला वीज कशाला? ज्या उदाहरणाने अंधारात वाट दिसावी, तेच अंधार कायम ठेवण्याचे निमित्त होते. दहा हजारांत एक पोर काट्याकुट्यांतून वर आली की उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांवर ठपका ठेवायला आपण मोकळे, कारण त्यांच्यात म्हणे जिद्द नव्हती.

कविताला आपण 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणालो. नाव कौतुकाने दिले, पण त्यात आपला स्वभाव उघडा पडला. एक्सप्रेसला भूक लागत नाही, तिची टाच फाटत नाही, तिला म्हातारपण नसते. फलाटावर उभे राहून हात हलवला की आपले कर्तव्य संपते. २०२४ साली याच कविताला शासकीय नोकरीच्या बाबतीत आपली उपेक्षा झाली असे जाहीरपणे सांगावे लागले. पदकानंतर चौदा वर्षांनी! आणि जिच्या पाण्याच्या हंड्याची आपण कविता केली, त्या मुलुखाचे काय झाले? त्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया डोक्यावर हंडा घेऊन तास नदीच्या खोल दरीवरून एका लाकडी बल्लीवर तोल सावरत जात होत्या. त्यांची छायाचित्रे छापून आली तेव्हा पदकाला अकरा वर्षे होऊन गेली होती. २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल बसवण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुरात सापडला. बल्लीवरून चालणाऱ्या त्या बायांना पाहून कोणी त्यांच्या 'जिद्दी'ला सलाम केला असेल, तर त्याने तो सलाम परत घ्यावा. त्या कसरत करायला आल्या नव्हत्या. त्यांना पाणी हवे होते.

कोणी म्हणेल, ही आजच्या काळाची कोडगी रीत झाली. पूर्वी असे नव्हते. पूर्वीही असेच होते. १९५२ साली, देश रेशनच्या रांगेत उभा असताना, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला जाऊन कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे यायला १९९६ साल उजाडावे लागले. खाशाबांना हेलसिंकीला कोणी पाठवले? पैसे पुरेनात तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, गाड्या आपापल्या गोठ्यांत गेल्या, आणि पदकविजेते खाशाबा कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लढू लागले, कारण प्राचार्यांचे कर्ज फेडायचे होते. देशाने पदक घेतले, कर्ज मात्र पैलवानाच्या खांद्यावर राहिले. पुढे पोलीस खात्यात उमेदीची वर्षे गेली. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००१ साली, मरणोत्तर. आता त्यांच्या नावाने क्रीडादिन साजरा होतो. गोळेश्वरचे बैल तरी वेळेवर आले होते. बाकीची वरात पन्नास वर्षे उशिरा आली.

या सगळ्या कथेत मला सर्वांत मोठे वाटतात ते प्राचार्य खर्डेकर. ते रेडिओला कान लावून बसले नाहीत, त्यांनी घर गहाण टाकले. उभारी घेण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो ज्याने आधी काही दिले त्याला. मी मास्तर आहे, तेही मास्तर होते, आणि दोघांच्या मध्ये साडेतीनशे रुपयांचे अंतर आहे. ते मला ओलांडता आले नाही.

पाहुण्यांनी न सांगितलेला गोष्टीचा भाग आता मी सांगतो. सीबिस्किटचा नेहमीचा स्वार रेड पोलार्ड एका डोळ्याने आंधळा होता. हे त्याने लपवून ठेवले. का लपवले? कळले असते तर त्याला घोड्यावर बसू दिले नसते आणि त्याची रोजीरोटी गेली असती. दुबळ्या घोड्याच्या कौतुकात बुडालेल्या त्या देशात दुबळ्या माणसाला आपले दुबळेपण सांगण्याची सोय नव्हती. गोष्टीतला दुबळा सर्वांना आवडतो. दाराशी आलेला कोणालाच नको असतो.

आणि आणखी एक. त्याच १९३८ च्या जूनमध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. कामगाराला तासाला कमीत कमी पंचवीस सेंट मजुरी मिळालीच पाहिजे आणि आठवड्याला चव्वेचाळीस तासांपेक्षा अधिक काम घेतले तर जादा मोबदला दिलाच पाहिजे, असे त्यात ठरले. घोड्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. या कायद्यावर चित्रपट निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण घोड्याने एका दुपारी जी मान वर केली, ती दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारात पुन्हा खाली जाऊ नये याची थोडीफार तजवीज या कायद्याने केली.

आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर १९७२ च्या दुष्काळाचे घ्या. आदल्याच वर्षी अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला आणि इंग्लंडला त्यांच्याच मैदानांवर हरवले होते; गावोगाव लोक आनंदाने नाचले होते. त्या आनंदाने विहिरींना पाणी आले नाही. दुष्काळात महाराष्ट्र तगला तो खडी फोडण्याच्या, तलाव खोदण्याच्या कामांवर मिळालेल्या मजुरीने आणि सुकडीने. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या चिकाटीमुळे रोजगार हमीची कल्पना रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे तीन शब्द कोणत्याही पदकाइतकेच तेजस्वी आहेत, असे मला वाटते. ती योजना निर्दोष होती असे नाही. हजेरीपटावरच्या खोट्या नावांच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. पण तिने भुकेल्या माणसाला आधी जिंकून दाखव असे सांगितले नाही.

आमच्याच जिल्ह्यात चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे अवर्षणाच्या पट्ट्यातले गाव आहे. तिथला दत्तू भोकनळ बापाबरोबर विहिरी खोदत वाढला, सैन्यात गेला, तिथे वल्हे हाती घेतले, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला नौकानयनात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. ज्या गावात पाण्यासाठी खडक फोडावा लागतो, तिथला पोरगा पाण्यावर सोने जिंकतो, या वाक्यावर टाळ्या हमखास मिळतात. मी स्वतः मिळवल्या आहेत. पण ते वाक्य नीट वाचा. त्याला वल्हे सैन्याने दिले, नौका दिली, खुराक दिला, शिक्षक दिला. दुष्काळाने त्याला काही दिले नाही. दुष्काळाने फक्त घेतले. श्रेय मात्र आपण दुष्काळाच्या नावावर मांडतो, कारण दुष्काळाला पगार द्यावा लागत नाही.

ऑस्ट्रेलियाचाही एक असा घोडा होता. त्याचे नाव फार लॅप. एकशे साठ गिनीला घेतलेला, दिसायला ओबडधोबड. मंदीच्या ऐन काळात, १९३० साली, त्याने मेलबर्न कप जिंकला आणि तो गरिबांच्या गळ्यातला ताईत झाला. १९३२ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात तो अचानक मेला. मग देशोदेशींनी त्याला वाटून घेतले. त्याचे कातडे पेंढा भरून मेलबर्नच्या संग्रहालयात उभे आहे, हृदय कॅनबेऱ्यात काचेच्या भांड्यात आहे, आणि सांगाडा तो जन्मला त्या न्यूझीलंडमध्ये आहे. प्रेमापोटीच केले सगळे, यात शंका नाही. आपणही प्रेमापोटीच करतो. छायाचित्र शाळेला, नाव चौकाला, शाल पुढाऱ्याच्या हातून, आणि धडा पाठ्यपुस्तकाला. जिवंतपणी त्याला काय हवे होते, एवढेच वाटणीत येत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मोठे सिद्धांत मला मांडता येत नाहीत, आणि क्रीडाधोरण कसे असावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. एका मास्तराला जेवढे कळते तेवढे सांगतो. बूट शर्यतीच्या आधी द्यायचे असतात. दूध आणि शेंगदाणे निवड होण्याच्या आधी द्यायचे असतात. पाण्याचा नळ पदकाच्या आधी यायचा असतो, आणि पदक न आले तरी यायचा असतो. जी पोरे कधीच जिंकणार नाहीत, तिसरी येणार नाहीत, धावणारही नाहीत, त्यांच्या टाचांची काळजी ज्या दिवशी आपण घेऊ, त्या दिवशी जिंकलेल्या पोरीसाठी टाळी वाजवताना आपला हात जड होणार नाही.

फलकावरचे ते छायाचित्र मी काढून टाकले. कपाटात ठेवले आहे. फाडण्याचे धैर्य झाले नाही. ती मुलगी आता सतरा वर्षांची असेल. निफाडच्या कुठल्या बागेत ती असते, की तिचे लग्न झाले, ते मला कळलेले नाही.

यंदा पुन्हा सत्कारांचा मोसम आला आहे. जिल्ह्यातल्या गुणवंत खेळाडूंच्या सत्काराला 'प्रेरणादायी दोन शब्द' बोलण्यासाठी मलाही पत्र आले. मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि शाल-श्रीफळ, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी उलट टपाली उत्तर पाठवले की, मानधन आणि शाल-श्रीफळाच्या पैशांत बुटांचे जेवढे जोड येतील तेवढे शर्यतीच्या आदल्या दिवशी शाळेत पोचवावेत. मापे सोबत जोडली आहेत. मग मी येईन आणि हवे तितके शब्द बोलेन.

पत्र टाकून तीन आठवडे झाले. उत्तर अजून आलेले नाही.